उरॉक साफ करताना आधी कात्री, मग सुरी

उरॉक या कोरियन माशानं समुद्रावर मला काहीही केलं नाही. तो डसला माझ्या स्वयंपाकघरात, सिंकमध्ये, मरून बावीस तास झाल्यावर. बर्फातून काढलेला, थंडगार आणि ताठ मासा मी बांगडा धरतात तसा मुठीत धरला, खवलं काढायला सुरी उलटी केली, आणि पाठीवरचा एक काटा अंगठ्याच्या मुळाशी रुतला. रक्त थेंबभरच आलं. पाच मिनिटांनी मात्र तिथं ठणका सुरू झाला आणि तो मनगटापर्यंत चढत गेला.

वेंगुर्ल्यात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. आईला व्हिडिओ कॉल लावला.

"काय झाला गो?"

"माशाचा काटा लागला. मेलेल्या."

"मेलो म्हणान काय झाला? शिंगाळो मेलो तरी शिंगाळोच. ऊन पाण्यात हात घाल आधी, मगे बोल."

कोरियात हा मासा पकडून, साफ करून, खाऊन मला आता चौथं वर्ष आहे आणि आईचं ते वाक्यच मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. कोल्हापूर ते कोरिया ही वाट आता इतकी मळलेली आहे की शिवाजी विद्यापीठातून पीएचडी करून इकडे पोस्टडॉकला येणारं कुणी ना कुणी दरवर्षी भेटतंच. त्यातल्या कोकणातल्यांना पहिल्या महिन्यातच ताज्या मासळीचा शोध लागतो आणि घाटावरचे आम्हाला बघून बिघडतात. हे त्या सगळ्यांसाठी.

उरॉक म्हणजे काय? दुकानात, बोटीवर, बोलण्यात सगळे उरॉकच म्हणतात; पुस्तकी कोरियन नाव चोपी-बोलाक, शास्त्रीय नाव सेबास्टिस श्लेगेली. कोरियाभोवती, जपानात आणि उत्तर चीनच्या किनाऱ्याला, थंड पाण्यात खडकांच्या कपारीत राहतो. जपानी लोक त्याला कुरोसोई म्हणतात. दिसायला आपल्या हेकरूचा, म्हणजे मालवणी गोबऱ्याचा, थोरला काळवंडलेला भाऊ. काळपट राखाडी अंग, ठिपके, मोठं तोंड, आणि डोळ्याच्या पुढं वरच्या ओठापाशी तीन टोकदार काटे. तीन काट्यांची ती खूण लक्षात ठेवा. नातं मात्र हेकरूशी नाही. उष्ण समुद्रातले स्टोनफिश आणि लायनफिश हे त्याचे भाऊबंद. त्यांचं विष जिवावर बेतू शकतं. उरॉकचं सौम्य असतं. पण सौम्य म्हणजे नाही असं नव्हे.

विष कुठं आहे तेवढं नीट समजून घेतलं की बाकी भीती उरत नाही. मांसात नाही, रक्तात नाही, पोटातही नाही. ते फक्त परांच्या कडक काट्यांत आहे. पाठीवर तेरा काटे, शेपटीजवळ खालच्या परात तीन, पोटाखालच्या दोन परांत एकेक. एकूण अठरा. प्रत्येक काट्याला उभी खाच असते, त्या खाचेत विषाची ग्रंथी आणि वरून पातळ कातडी. काटा तुमच्या हातात घुसला की कातडी मागं सरकते आणि विष जखमेत उतरतं. डसायला माशाला काहीच करावं लागत नाही, म्हणून तो जिवंत आहे की मेलेला यानं फरक पडत नाही. बाजूचे पंख्यासारखे पर मऊ असतात, ते निरुपद्रवी. गालफडावरचे काटे ओरखडे काढतात, पण त्यांत विष नाही.

बोटीवर

मी ग्वांगजूला राहते. मासेमारीला गुन्सानच्या पिउंग बंदरात जाते, पहाटे चारच्या सुमाराला बोट सुटते. ओळखपत्र विसरू नका. बोटीवर कोण कोण चढलं त्याची यादी तटरक्षक दलाकडे जाते, कार्ड नसेल तर बंदरावरूनच परत. लाइफ जॅकेट सक्तीचं.

तारीख निवडायला मी आईनं पाठवलेलं कालनिर्णय वापरते, याचं बोटीच्या तांडेलाला फार अप्रूप. इथलेही लोक चंद्राच्या तिथीवरच पाणी मोजतात. आपण उधाण म्हणतो त्याला ते सारी म्हणतात, आपल्या भांगेला चोगुम. वेंगुर्ल्याला भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरांचा फरक पडतो. गुन्सानला उधाणाला तो सहा-सात मीटरांवर जातो आणि पाणी नदीसारखं धावतं. त्या प्रवाहात शिसं तळाला टेकतच नाही. म्हणून उरॉकसाठी भांगेचं पाणी गाठायचं, म्हणजे अष्टमी ते दशमीच्या आसपासचे दिवस. ऋतू वसंताचा आणि शरदाचा. भर उन्हाळ्याचं गरम पाणी या माशाला सोसत नाही. चन्सुमान खाडीतल्या पिंजऱ्यांत पाळलेले उरॉक कडक उन्हाळ्यात ढिगानं मरतात.

गरवणं आपल्यासारखंच. दोरीच्या तळाला शिसं, वर दोन-तीन गऱ्या. शिसं शंभर नंबरचं, म्हणजे ३७५ ग्रॅम. आमिष म्हणून मिक्कुराजी नावाचा वळवळणारा चिखलातला छोटा मासा किंवा माकूलाची लांब पट्टी. तांडेल एकदा भोंगा वाजवतो तेव्हा दोरी सोडायची, दोनदा वाजवला की गुंडाळायची. शिसं तळाला ठक्क करून टेकलं की लगेच हातभर वर घ्यायचं, नाहीतर खडकात नाहीतर बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकतं आणि मग तोडण्यावाचून इलाज नाही. पहिल्या दिवशी मी सात शिसं समुद्राला वाहिली. माझ्यासोबतच्या सांगलीकरानं, ज्यानं तोपर्यंत कृष्णेपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं, एकही घालवलं नाही. मी अजून ते विसरले नाही.

मासा वर आला की त्याला हवेत झुलत ठेवून हातानं झेलायला जाऊ नका. बोट कलते, मासा अंगावर येतो, आणि अपघात तिथंच होतात. फळीवर टेकवा. मग अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालून, बाहेरून बोटांनी जबडा दाबून उचला. दात सँडपेपरसारखे बारीक असतात, चावत नाहीत. ओठानं धरलेला उरॉक लोंबकळतो आणि काटे तुमच्यापासून लांब राहतात. पोटाखालून धरायची सवय असेल तर मोडा. तिथंही दोन विषारी काटे आहेत हे मी वर सांगितलंच. सुती हातमोजा काट्याला थांबवत नाही, पण ओल्या हातातून मासा निसटू देत नाही, म्हणून घाला. पायात सपाता नकोत, गमबूट हवेत, कारण फळीवर पडलेले मासे पायाखाली येतात.

खोल पाण्यातून झपकन वर ओढलेल्या उरॉकचे डोळे बाहेर येतात आणि तोंडातून गुलाबी फुगा डोकावतो. तो फुगा म्हणजे त्याचं पोट, आतल्या हवेच्या पिशवीनं बाहेर ढकललेलं. टोचू नका. कोरियात २३ सेंटीमीटरपेक्षा लहान उरॉक ठेवणं बेकायदेशीर आहे. मोजपट्टी बोटीवर असते, ती वापरा. वसंतात पोट फुगलेली मोठी मादी आली तर मी तीही सोडते. हा मासा अंडी घालत नाही, पोटातच पिल्लं वाढवून हजारोंनी सोडतो. कायदा तिला सोडायला सांगत नाही. पण गाबोळीची बोंबील-बांगडी खाऊन वाढलेल्या मला पोटात डोळे फुटलेली पिल्लं दिसली तेव्हा घास उतरला नाही.

एक मासा मात्र ओळखायला शिका आणि त्याला हात लावू नका. खडबडीत, चिखलाचं ढेकूळ वाटावं असा, तोंड आकाशाकडं. सुगिमी. इकडचे लोक त्याला पॉम्ची म्हणतात. त्याचा डंख उरॉकच्या कितीतरी पट जहाल. गरीला तो लागला की माझ्यासारखी जुनी झालेलीसुद्धा नुसती हाक मारते, "सनजांगनिम!", आणि तांडेल पक्कड घेऊन येतो.

ठेवायचे मासे तिथंच मारा. कल्ल्यातली शीर कापून समुद्राच्या पाण्याच्या बादलीत पाच-दहा मिनिटं रक्त वाहू द्या, मग पिशवीत घालून बर्फात. बर्फाचं गोडं पाणी मांसाला थेट लागू देऊ नका, मांस पचपचीत होतं.

सिंकमध्ये

आता ते काम, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. कोरियन बायका स्वयंपाकघरात कात्री जितकी वापरतात तितकी आपल्याकडं विळीही वापरत नसतील. मांस, नूडल्स, किमची, सगळं कात्रीनं. अशी एक जाड कात्री घ्या आणि बाकी कशालाही हात लावण्याआधी हे करा.

सिंकमध्ये आणखी कोणतंही भांडं नको. मासा ओल्या फडक्यावर आडवा ठेवा, डोकं तुमच्या डाव्या हाताला. डाव्या हातानं डोकं दाबून धरा. अंगठा डोळ्याच्या खाचेपाशी, पाठीवर नाही. कात्रीचं टोक शेपटीकडून डोक्याकडं ठेवा. काटे मागं झुकलेले असतात, त्यामुळं शेपटीकडून गेलात तर ते कात्रीच्या पात्यात आपोआप येतात. डोक्याकडून गेलात तर निसटतात आणि उसळतात. पाठीच्या कडेला अगदी लागून एकेक काटा मुळाशी कापा. घाई असेल तेव्हा तीन-तीन एकदम कापावेसे वाटतात. कापू नका, पाती घसरतात. मग मासा उलथून पोटाखालचे दोन, शेवटी शेपटीजवळचे तीन. मोजा. अठरा झाले नाहीत तर एक कुठंतरी आहे, आणि तो तुम्हालाच सापडणार.

कापलेले काटे कुठं टाकायचे? माझी दुसरी चूक इथलीच. मी ते कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि पिशवी दाबून बांधायला गेले. आता दुधाच्या रिकाम्या खोक्यात टाकते, तोंड चिकटपट्टीनं बंद करते. आणि ते खोकं अन्नाच्या कचऱ्यात नाही, साध्या कचऱ्यात. इथं हाडं-काटे साध्या कचऱ्यात मोडतात. चुकलात तर इमारतीच्या रखवालदार आजोबांचं व्याख्यान ऐकायला लागतं.

यानंतर उरॉक हा एक साधा मासा उरतो. खवलं बारीक आणि घट्ट असतात, शेपटीकडून डोक्याकडं खरवडा, पिशवीच्या आत धरून खरवडलीत तर भिंतीवर उडत नाहीत. पोट चिरा, आतडी काढा, पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. पाठीच्या कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ जुन्या टूथब्रशनं घासून काढा, वास तिच्यातच असतो. डोकं फेकू नका. या माशाचं डोकं शरीराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असतं. फेकलंत तर पैसे फेकलेत. कल्ले तेवढे उपटा.

तरीही काटा लागलाच तर

आईचं ऊन पाणी बरोबर होतं, फक्त तिचं माप हाताचं आणि माझं थर्मामीटरचं. काट्याचा तुकडा दिसत असेल तर चिमट्यानं काढा, जखम साबणानं धुवा, आणि हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ अंश सेल्सिअस. त्याहून जास्त नको. ठणक्यामुळं दुखऱ्या हाताला भाजतंय की नाही कळत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज दुसऱ्या हातानं घ्या. विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेनं प्रथिनं मोडतात. अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं; पाणी निवत आलं की आधी हात बाहेर काढायचा, गरम पाणी घालून पुन्हा माप बघायचं, मगच हात आत. मला चाळीस मिनिटांत आराम पडला, सूज दुसऱ्या दिवशी उतरली. प्रयोगशाळेत ४५० अंशांच्या भट्टीत फिल्म भाजणारी मी, त्या दिवशी ४५ अंशांवर डोळे लावून बसले होते. बर्फ लावू नका, जखम चिरू नका, तोंडानं ओढू नका.

धाप लागली, चेहरा किंवा जीभ सुजली, चक्कर आली, तर १०८ वगैरे आठवत बसू नका, इथला क्रमांक ११९ आहे. काट्याचं टोक आत राहिलं, सांध्यात घुसलं, किंवा दोन दिवसांनी लाली वर चढायला लागली तर डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही बघा. उन्हाळ्यात आणखी एक धोका: कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जिवाणू वाढतात आणि जखमेतून शिरतात. यकृताचा आजार असलेल्यांना तो जिवावर उठू शकतो. त्यांनी त्या महिन्यांत कच्चा मासा खाऊ नये आणि अशा जखमेनंतर वाट पाहू नये.

ताटात

कोरियन माणूस उरॉक म्हटलं की आधी कच्चा खातो, ह्वे म्हणून, पातळ कापून, गोचुजांगच्या, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या लगद्याच्या, आंबट-तिखट चटणीत बुडवून. मांस पांढरं, घट्ट, चावावं लागणारं. बाजारात टाकीत पोहणारे असतात ते बहुतेक पाळलेले. कोरियात पाळायच्या माशांत ग्वांग-अ, म्हणजे चपटा मासा, पहिला आणि उरॉक त्याच्या मागोमाग. दुकानदारासमोर कापून घेतलात तर काट्यांची कटकट त्याची, आणि उरलेलं डोकं-हाडं तो वेगळी बांधून देतो. स्वतः पकडलेला मासा मी कच्चा खात नाही. समुद्रातल्या माशात अनिसाकिस नावाचे जंत असू शकतात. ते शिजवल्यानं मरतात, किंवा उणे २० अंशांवर पूर्ण चोवीस तास गोठवल्यानं. लिंबू, व्हिनेगर, सोजू (इथली दारू) यांनी मरत नाहीत, तांडेल काहीही म्हणो.

डोक्या-हाडांचं मेउनथांग, म्हणजे तिखट रस्सा, करायचा असेल तर मुळ्याच्या जाड चकत्या आधी पाण्यात उकळा, मग मासा, दोन चमचे गोचुकारू (लाल मिरचीची पूड), अर्धा चमचा गोचुजांग, वास मारायला अर्धा चमचा द्वेनजांग (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), भरपूर लसूण. मिनारीची भाजी अगदी शेवटी, आच बंद करताना. पश्चिम किनाऱ्यावर थेआन-सोसानकडं खारवून अर्धवट वाळवलेला उरॉक तांदळाच्या धुवणात, टोफू आणि खारवलेल्या कोळंबीबरोबर उकळतात. त्याला उरॉक-चोतकुक म्हणतात. पहिल्यांदा प्यायले तेव्हा पावसाळ्यातल्या आमच्या घरातला, सुक्या बांगड्याचा वास आला. सांगलीकर उठून बाहेर गेला.

पण घरी मी याचं तिरफळ घातलेलं तिखलंच करते. मध्यम उरॉक, सातशे ग्रॅमच्या आसपास, डोकं दोन फाकी करून, अंगाचे चार तुकडे. मीठ-हळद लावून ठेवा. वाटण: वाटीभर ओलं खोबरं (विदेशी किराणा दुकानात गोठवलेलं मिळतं), दीड चमचा गोचुकारू, एक तिखट सुकी मिरची, धणे चमचाभर, लसूण नको, छोटा कांदा. गोचुकारू ही बेडगीची लांबची बहीण: रंग भरपूर, तिखटपणा बेताचा, जरा गोडसर. म्हणून ती एक मिरची. वाटण अगदी मऊ वाटा, पातळ करा, मंद आचेवर उकळी आणा, पाच-सहा सोलं टाका. तिरफळं दहा-बारा, बी काढून, ओंजळभर पाण्यात ठेचून त्या पाण्यासकट. तिरफळं संपली तर इकडची चोपीची पूड चिमूटभर चालते. दक्षिणेत मिक्कुराजीच्या रश्श्यात घालतात तीच. एकाच कुळातली आहे, जीभ तशीच झिणझिणते, फक्त लिंबाचा वास जास्त. मासा शेवटी सोडा, डोकं आधी, तुकडे पाच मिनिटांनी, आणि मग डाव घालू नका, भांडंच हलवा. सात-आठ मिनिटं पुरे. वरून कच्चं खोबरेल तेल.

उकड्या तांदळाचा भात इथं मिळत नाही. चिकट कोरियन भाताबरोबर खावं लागतं, ही एकच तक्रार. डोक्याच्या गालातला तो वाटोळा तुकडा मी अजून कुणाला दिलेला नाही. आईनं परवा कॉलवर ताट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काटे मोजलंस?"

"अठरा," मी म्हटलं.